अनुभव धागा: सगळे ज्याला थोर म्हणतात ते पुस्तक तुम्हाला कसं वाटलं?

मंडळी, आपल्याकडे काही पुस्तकं अशी आहेत की नाव निघालं की सगळे माना डोलावतात, आणि पुढे कुणी काही बोलतच नाही. ययाती, मृत्युंजय, कोसला, बलुतं, श्यामची आई. समीक्षकांनी यावर भरपूर लिहिलंय, ते मिळतं वाचायला. मला हवंय ते लोकलमध्ये, रात्रपाळीत, पोरं झोपल्यावर वाचणाऱ्यांचं मत. आवडलं तर नेमकं काय, नाही आवडलं तर कुठे अडलात. नुसतं 'छान आहे, जरूर वाचा' नको प्लीज. गंभीर, लोकप्रिय, काहीही चालेल.

सुरुवात मीच करते. मुलुंडला राहते, फोर्टला नोकरी, त्यामुळे वाचन सगळं लेडीज डब्यात. माझं पुस्तक ययाती. 1959 चं, आणि खांडेकरांना 1974 चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. ययाती, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः सांगतात ही रचना मला फार आवडली. पण देवयानीवर अन्याय झालाय असं माझं स्पष्ट मत आहे. तिला विहिरीत ढकललं गेलं, कचाने नाकारलं, मग ज्याच्याशी लग्न केलं त्याने तिच्याच दासीशी, म्हणजे शर्मिष्ठेशी, लपूनछपून संबंध ठेवला, मूल झालं, तरी पुस्तक मिटताना आपल्या मनात काय राहतं तर देवयानी गर्विष्ठ आणि शर्मिष्ठा सोशिक. का? जी सहन करते तीच चांगली, हे 1959 मध्ये ठीक असेल पण मी आज वाचतेय ना. तरीही पुस्तक हातातून सुटलं नाही, एवढं वाद घालावंसं वाटलं हीच त्याची ताकद. लिहा आता तुम्ही.

*

भांडुपहून. ताई, देवयानीचं पटलं. मी मृत्युंजयवाला, शिवाजी सावंतांची कर्णावरची कादंबरी. एका कंपनीच्या गेटवर रात्रपाळी करायचो तेव्हा पहिल्यांदा वाचलं आणि अजूनही अधूनमधून काढतो. लोक म्हणतात भाषा भरजरी आहे, उपमा फार आहेत, असू देत, रात्री दोन वाजता जागं राहायला तशीच भाषा लागते. सहा जण बोलतात त्यात, कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. सगळे कर्णाबद्दल बोलतात, मला सगळ्यात जवळचा वाटला तो शोण. धाकटा भाऊ. मोठ्या भावाकडे बघत बघत मोठं होणं काय असतं ते मला माहीत आहे, माझा दादाच मला गावाहून मुंबईत घेऊन आला, त्याच्या खोलीवर राहिलो, त्याच्याच साहेबाने मला कामाला लावलं.

आता घरातली गोष्ट. मुलगी कॉलेजला गेली आणि तिने इरावती कर्वे यांचं युगान्त आणलं, महाभारतातल्या माणसांवरचे लेख. तेही 1967 चंच, म्हणजे मृत्युंजय आलं त्याच वर्षीचं! आणि त्यातला कर्ण एकदम वेगळा. इरावतीबाई त्याला माणूस म्हणून तपासतात, भरसभेत तो द्रौपदीला काय बोलला ते विसरू देत नाहीत, तो शेवटपर्यंत 'मी कोण' या प्रश्नातच अडकला असं त्यांचं म्हणणं. पोरगी म्हणते बाबा तुमचा कर्ण सावंतांनी धुऊनपुसून दिलेला आहे. मी म्हणतो सूतपुत्र म्हणून जन्मभर ऐकून घेतलेल्या माणसाच्या बाजूने कुणीतरी एकदा मन लावून उभं राहायला हवं होतं, ते सावंतांनी केलं. जेवताना ताटं वाळतात आमची या वादात. युगान्त मी पूर्ण वाचलंय, पुस्तक जबरदस्त आहे, द्रौपदीवरचं तर फारच. पण कर्णाच्या बाबतीत मी हटणार नाही.

*

गिरगाव. बटाट्याची चाळ. त्यातलं 'उपास' प्रकरण सगळ्यांना पाठ असतं पण शेवटचं चिंतन किती जणांनी वाचलंय? आमची चाळ पाडून टॉवर झाला. चाळीत राहिलेल्या माणसाने ते चिंतन एकट्याने आणि सावकाश वाचावं. पुलं 1958 मध्येच काय जाणार आहे ते ओळखून होते. एवढंच.

*

मी मूळची जळगाव जिल्ह्यातली, सध्या माटुंग्याला हॉस्टेलवर. कोसलाबद्दल लिहिते कारण माझ्या रूममेटने ते पन्नासेक पानांवर सोडलं, काही घडतच नाही म्हणाली. अगं घडतं कसं नाही. खानदेशातला पोरगा पुण्याला शिकायला जातो, बापाचे पैसे उडवतो, मित्र, मेस, गॅदरिंग, परीक्षा, आणि हळूहळू कशातच अर्थ नाही असं होत जातं, हे सगळं मी माझ्याच कॉरिडॉरमध्ये बघतेय. 1963 चं पुस्तक आहे यावर विश्वास बसत नाही. आणि मनी जाते तो भाग. पांडुरंगची लहान बहीण. तोपर्यंत सगळ्याची टर उडवणारा हा मुलगा, आणि तिथे त्याचं वाक्यच मोडून पडतं. मी ते होस्टेलच्या गच्चीवर जाऊन वाचलं, खोलीत वाचता येईना. बायकांबद्दल मात्र या पुस्तकाला फार कळत नाही असं माझं मत आहे, मनी आणि घरातल्या बायका सोडल्या तर बाकी मुली लांबूनच दिसतात. तरी माझ्यासाठी नंबर एक.

*

घाटकोपर. आमच्या इथल्या चिरागनगरात अण्णा भाऊ साठे राहायचे, म्हणून फकिरा. बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेलं पुस्तक आहे. दुष्काळात माणसं मरायला लागल्यावर धान्य लुटणारा फकिरा हिरो आहेच, पण मला लक्षात राहिला तो विष्णुपंत कुलकर्णी, जो मांगांना म्हणतो काहीही करा पण जगा. लेखकाने सगळ्यांना एकाच रंगात नाही रंगवलं. स्पीड एवढा की एका बैठकीत होतं.

*

बलुतंचं नाव वर आलंय पण कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. 1978 साली आलेलं दया पवारांचं हे आत्मकथन माझ्या वडिलांकडे होतं, पण घरात त्यावर बोलणं व्हायचं नाही, नातेवाईकांपैकी काहींना ते आवडलं नव्हतं, आपलं घरातलं चव्हाट्यावर कशाला म्हणून. मी नोकरीला लागल्यावर वाचलं. दया पवार स्वतःला दोन माणसांत वाटून घेतात, दगडू मारुती पवार सांगतोय आणि शिकलेला दया ऐकतोय. मला वाटलं होतं जगावरचा राग असेल, तो आहेच, पण स्वतःला सुद्धा त्यांनी सोडलेलं नाही, बायकोशी कसं वागलो तेही मांडलंय. एवढं खरं लिहायला छाती लागते. नागपाड्याचा कावाखाना, म्हणजे त्यांची लहानपणीची वस्ती, वाचल्यावर मी त्या बाजूला मुद्दाम फिरून आलो. मुंबईची पुस्तकं म्हटलं की लोक गिरगाव-दादर सांगतात, नागपाडा, कामाठीपुरा हीपण मराठी मुंबईच आहे आणि ती इथे सापडते. नातेवाईकांच्या रागाबद्दल माझं मत, तो राग समजतो, पण हे लिहिलं गेलं नसतं तर आमच्या आज्या कशा जगल्या ते मला कुणी सांगितलं असतं?

*

लालबाग. वडील गिरणी कामगार, शिक्षण चौथी. ते बाबूराव अर्नाळकर वाचायचे, झुंजार आणि काळापहाड या नायकांच्या गोष्टी. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्यात त्या माणसाने. वडिलांचं वाचन पक्कं झालं ते यावर, नंतर ते पेपर, युनियनची पत्रकं, आंबेडकरांची भाषणं सगळं वाचायला लागले. हलकं साहित्य म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

*

बोरिवली. मुलगा इंग्लिश मीडियम, म्हणून श्यामची आई मी त्याला वाचून दाखवते, रोज एक रात्र, एकूण बेचाळीस आहेत. साने गुरुजींनी हे 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं हे त्याला फार भारी वाटलं. रडवणारं पुस्तक म्हणतात, मला ते कर्जाचं पुस्तक वाटतं. वसुलीला आलेला माणूस दारात उभा राहून वाटेल ते बोलतो तेव्हा ती आई चवताळते, ते माझं आवडतं. होम लोन असलेल्या कुणालाही ते प्रकरण समजेल. पण आईने कायम त्यागच करायचा हे मुलाच्या डोक्यात बसायला नको, म्हणून मध्ये मध्ये थांबून आम्ही बोलतो.

*

बोरिवलीच्या ताई, कर्जाचं पुस्तक हे मी कधीच ऐकलं नव्हतं, परत काढते आता. आणि रणांगण, स्मृतिचित्रे, बनगरवाडी अजून कुणीच आणलं नाहीये. वाचलेल्यांनी लिहा ना.