अनुभव धागा : दुसऱ्याच्या मापाचे टाके

सांगली, गावभाग (धागा सुरू करणारी)

आमचा विणकामाचा गट गावभागातल्या एका वाड्यात जमतो. बहुतेक जणी पन्नाशी-साठीच्या, दोन कॉलेजच्या मुली आणि एक निवृत्त काका. सुयांवर त्यांचा हात आम्हा सगळ्यांपेक्षा सुबक चालतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्यातल्या एकीची सून ओली बाळंतीण होती. पाणी ओसरलं तसे बाहेरगावांहून कपड्यांचे ट्रक आले. लोकांनी मनापासून पाठवलं होतं. साड्या होत्या, शर्ट होते, कोटसुद्धा होते. तान्ह्याच्या अंगाला लागेल असं मात्र फार थोडं. त्या सुनेच्या बाळासाठी टोपडी विणली, ती बघून शेजारच्या बाळंतिणीनं मागितली, आणि गट तिथून सुरू झाला.

माझं म्हणणं एवढंच आहे की द्यायला विणायचं असेल तर घालणाऱ्याला आधी विचारावं. कपाटातली उरलेली लोकर, हाताला येणारा नमुना आणि डोळ्यांना आवडणारा रंग घेऊन बसलं की वस्तू देखणी होते आणि कुठल्यातरी ट्रंकेत पडून राहते. म्हणून सांगली-साताऱ्याच्या सगळ्या विणणाऱ्यांना आग्रहाचं बोलावणं. कुणासाठी विणलंत, त्यांनी काय मागितलं, काय परत आलं, काय झिजेपर्यंत वापरलं, ते लिहा. मापं आणि धाग्याचा प्रकार लिहिलात तर फार उपयोग होईल. घेणाऱ्यांनीही लिहा.

मिरज (नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका)

ताई, विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं आणि ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं अपुऱ्या दिवसांचं. या बाळांच्या कातडीखाली चरबी फार कमी असते आणि अंगाच्या मानानं डोकं मोठं असतं, त्यामुळे उघड्या डोक्यातून ऊब भराभर जाते. बाळ गार पडलं की त्याची सगळी ताकद अंग गरम ठेवण्यात खर्च होते. वजन वाढत नाही, रक्तातली साखर उतरते. म्हणून टोपी आमच्याकडे उपचाराचाच भाग आहे.

कांगारू पद्धतीत बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभं बांधतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये बाळाला ऊब देणाऱ्या काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या, तिथून ही पद्धत निघाली. त्या वेळी बाळाच्या अंगात लंगोट, टोपी आणि मोजे एवढंच असतं, कारण बाकी ऊब आईची. लोक प्रेमानं पूर्ण बाह्यांचे स्वेटर पाठवतात, पण सलाइन आणि नळ्या लावलेल्या बाळाला ते घालताच येत नाहीत.

आता मापं. दीड किलोच्या बाळाचं डोकं घेरात साधारण २८ सेंटिमीटर, म्हणजे एखाद्या मोठ्या मोसंब्याएवढं. पूर्ण दिवसांच्या बाळाचं ३४-३५. घरातल्या बाळाच्या मापानं विणलेली टोपी आमच्या बाळाच्या नाकावर येते. बटण, रिबीन, गोंडा काही नको. मोज्याच्या आत धाग्याचे मोकळे फेर ठेवू नका. फेर बोटाला गुंडाळला गेला तर रक्त अडतं आणि मोजा घातलेला असल्यानं कुणाला दिसत नाही. धुणं गरम पाण्याचं असतं, त्यामुळे रंग पक्का हवा.

बाळाजवळ ठेवायच्या क्रोशाच्या खेळण्यातल्या ऑक्टोपसबद्दल खूप जणी विचारतात. ती कल्पना २०१३ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झाली. बाळ नळ्यांऐवजी त्याचे पाय धरून राहतं असं म्हणतात. तो संपूर्ण सुती धाग्याचाच हवा आणि ताणल्यावरही पाय २२ सेंटिमीटरपेक्षा लांब नकोत. पण जंतुसंसर्गाच्या धास्तीनं आमचा विभाग ते घेत नाही. दुसरीकडे घेत असतील, तर आधी तिथल्या सिस्टरांना विचारा.

अजून एक. एका बाळाची टोपी आम्ही दुसऱ्याला घालत नाही. ती त्याच्याबरोबर घरी जाते. जे बाळ राहत नाही, त्याची आईसुद्धा टोपी मागून घेते. म्हणून आम्हाला टोप्या सतत लागतात.

वाळवा तालुका (जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका)

दिवाळीनंतर आमच्या गावच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बीडकडच्या असतात, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या जतच्याही असतात. पाचटाच्या कोप्या (उसाच्या वाळक्या पाल्याच्या झोपड्या), पहाटे अंधारात फडावर निघालेली जोडपी, आणि मागे कोपीत आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर वर्षाचं भावंड. नदीकाठच्या उसातली थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांनाच ती माहीत.

पहिल्या वर्षी सांगलीच्या गटानं पांढरे, फिके गुलाबी, आकाशी स्वेटर दिले होते. बघत राहावेत असे सुंदर. पुढच्या हंगामापूर्वी मी कोप्यांवर जाऊन बायकांशी बोलत बसले. एक जण म्हणाली, “बाई, पांढरं नगा देऊ. धुवायला पाणी कुठनं आणू? काळं, चाकलेटी द्या.” दुसरीनं क्रोशाचा जाळीदार स्वेटर आणून दाखवला. पाचटाची कुसं त्याच्या भोकांत अडकून बसली होती आणि पोराचं अंग खाजून लाल झालं होतं. मोजे कुणालाच नको होते, कारण पायात चप्पल नाही आणि मोजा मातीत दोन दिवस टिकत नाही. त्यांना हवी होती कान पूर्ण झाकणारी टोपी, आणि बिनबाह्यांची घट्ट विणीची बंडी. बाह्या ओल्या होतात, चुलीत जातात.

चुलीचं मुद्दाम लिहिते. पोरं शेकोटीला लागून झोपतात. बाजारात लोकर म्हणून मिळतं त्यातलं पुष्कळसं अ‍ॅक्रिलिक असतं, आणि ते जळताना वितळून कातडीला चिकटतं. धाग्याचा बारका तुकडा चिमट्यात धरून काडी लावून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. अ‍ॅक्रिलिकचा टणक काळा मणी होतो. आम्ही आता कोप्यांवरच्या बंड्यांना खरी लोकर घेतो, महाग पडली तरी. लोंबणाऱ्या शाली, झालरी, गोंडे पूर्ण बंद.

विणायचं ते दोन सुयांवर, एक ओळ सुलट, एक उलट, टाके घट्ट. कंटाळवाणं काम आहे. पण गेल्या वर्षी दिलेली एक चॉकलेटी बंडी या वर्षी धाकट्या भावाच्या अंगात बघितली आणि मला फार आनंद झाला.

सांगली, विश्रामबाग

सगळ्यांच्या कष्टांचा आदर ठेवून विचारतो. एका बंडीची लोकर आणि त्यामागचे दिवस धरले, तर तेवढ्यात बाजारातून दोन ब्लँकेटं येतील. थेट पैसे का देऊ नयेत?

वाळवा तालुका

काका, पैसेही द्या, ब्लँकेटं लागतातच. टोळी उतरते तेव्हा ती आधी विकतच घेतो. पण घालणाऱ्याला विचारून घेतलेली मापं बाजारात नसतात. मिरजेच्या ताईंनी लिहिलेली २८ सेंटिमीटरची टोपी कुठल्या दुकानात मागणार?

कऱ्हाड (आजी सांगते आहे, नात लिहिते आहे)

१९६२ साली चीनची लढाई लागली तेव्हा मी शाळेत होते. नोव्हेंबरात आपले यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं सगळे म्हणत, आणि कऱ्हाडात तर विचारू नका. आमच्या बाईंनी मुलींना खाकी आणि हिरवट लोकर वाटली. मोठ्या मुली आणि आया स्वेटर करत, आमच्या वाट्याला मफलर, कारण सरळ पट्टी. बाई लाकडी पट्टीनं रुंदी मोजत. कमी भरली की उसवायला लावत. मी हट्टानं काठाला लाल रेघ घातली होती. बाईंनी जवळ बसवून सांगितलं, बर्फात लाल रेघ लांबून दिसते बाळ, शत्रूलाही दिसते. मग मीच उसवली.

हात आता थरथरतात. मी लड्यांचे गुंडे करून देते. मुलींना टाके उचलायला शिकवते.

सातारा, सदर बझार

घेणाऱ्यांनीही लिहा म्हणालात, म्हणून धीर करते. माझी स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, एक बाजू काढली. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो, पण तो महाग, जड, आणि उन्हाळ्यात घामानं नको होतो. आपल्याकडच्या कितीतरी बायका ब्लाऊजमध्ये ओढणीची घडी किंवा कापूस घालतात. तो सरकतो, आणि मग बाई बाहेर जाणंच सोडते. मीही लग्नकार्यं टाळायला लागले होते.

माझ्या नणंदेनं क्रोशानं विणलेला आणून दिला. मऊ सुती धागा, आत पॉलिस्टरचा हलका कापूस. मागच्या बाजूनं उघडून कापूस कमी-जास्त करता येतो, घरी धुता येतो. २०११ मध्ये अमेरिकेत अशाच शस्त्रक्रियेतून गेलेल्या एका बाईनं हे काम सुरू केलं. आता जगभरच्या विणणाऱ्या हे विनामूल्य देतात, आपल्या देशातही देतात. जखम पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांना विचारूनच वापरायचा.

आता मी स्वतः विणते. लोकर अजिबात नको, ती टोचते. गाठ कातडीच्या बाजूला येता कामा नये. हलका असल्यानं वर सरकतो, म्हणून ब्राच्या आतून एक पातळ कापडी खिसा शिवून देते. माप विचारायला संकोच वाटतो, सांगणारीला त्याहून जास्त. मी फक्त ब्लाऊजचा नंबर विचारते आणि दार लावून दोन-तीन आकार समोर ठेवते. ती स्वतः निवडते. केमोथेरपीतल्या बायकांच्या टोप्याही सुतीच करा, केस गेल्यावर टाळूची कातडी फार हुळहुळी होते.

हे वाचून एखादीला हवासा वाटला तर मागायला लाजू नका.

सांगली, खणभाग

माझा अनुभव छोटा आहे. चेन्नईत ३१ जानेवारी २०१६ ला देशभरच्या क्रोशा करणाऱ्या बायकांनी चौकोन जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं पांघरूण केलं, गिनीज विक्रम झाला आणि मग त्याचे भाग पांघरुणं म्हणून गरजूंना वाटले. माझे चौकोन त्यात होते याचा मला अजून अभिमान वाटतो. एकाच मापाचं, दुसरीच्या चौकोनाला जुळेल असं विणण्याची शिस्त मला तिथं लागली.

म्हसवड

आमच्या घरी वडिलांपर्यंत घोंगडी विणली जायची, खड्ड्याच्या मागावर. माणदेशातल्या मेंढ्यांची लोकर असताना तुम्ही विकतची का आणता, असं मला इथले लोक विचारतात. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते. सूत ताठ व्हावं म्हणून चिंचोक्याची खळ देतात. बाळाच्या अंगाला ती चालायची नाही, टोपीलाही नाही.

पण वाळव्याच्या बाईंचं शेकोटीचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं. कोपीत अंथरायला-पांघरायला घोंगडीच हवी. ठिणगी पडली तरी ती भडकत नाही, तेवढी जागा करपून विझते. दवानं लगेच भिजून जात नाही. मेंढपाळ तिच्यावर आयुष्य काढतात. विणणारे सनगर आता थोडे राहिले आहेत. तुमच्या गटानं पैसे जमवून त्यांच्याकडून घोंगड्या घेतल्या, तर इकडच्या मागालाही काम मिळेल.

सांगली, गावभाग

म्हसवडच्या दादांचं सगळ्यांनी उचलून धरलं. विश्रामबागच्या काकांनी पैशांचं विचारलंच होतं, तर या हंगामात त्यातून घोंगड्या घ्यायच्या ठरल्या. बंड्या आणि कानटोप्या दोन सुयांवर, गडद रंगात, दसऱ्यापर्यंत हातावेगळ्या करायच्या. टोळ्या उतरल्यावर विणायला बसलं तर थंडीचे पहिले दिवस पोरांनी तसेच काढलेले असतात.

मिरजेच्या टोपीचा नमुना खूप जणींनी मागितला, तो असा. क्रोशानं, बोटावर फेर घेऊन त्यात १२ खांब (उंच टाके). दुसऱ्या ओळीत प्रत्येक खांबात दोन, म्हणजे २४. तिसरीत एकाआड एक वाढवून ३६. चकती साडेआठ-नऊ सेंटिमीटर झाली की वाढवणं थांबवायचं. धागा बारीक असेल तर आणखी एक ओळ वाढवावी लागेल, जाड असेल तर आधीच थांबावं लागेल, म्हणून खांब मोजण्यापेक्षा पट्टी लावा. पुढे न वाढवता सरळ उतरत जा आणि शेवटच्या दोन ओळी मुक्या खांबाच्या (बुटक्या टाक्यांच्या) घाला, काठ बसतो. धाग्याचं टोक आतून निदान तीन वेळा ओवून घ्या. मिरजेच्या ताई प्रत्येक टोपी उलटी करून तपासतात.

सदर बझारच्या ताईंसाठी मऊ सुती धागा हवा आहे, अंगाच्या रंगाच्या जवळचा, फिका आणि गडद दोन्ही. कुणाकडे न उघडलेल्या लड्या असतील तर इथेच कळवा.