थंड प्रदेशात शेवंती बियांपासून: पेरणी, मर आणि उशिरा येणाऱ्या कळ्या

प्रश्न:
आमच्याकडे हिवाळ्यात जमीन गोठते. शेवंतीचं बी घरात कधी पेरावं? दोन पानांवर आलेली रोपं मातीलगत आडवी पडतात, ती कशामुळे? आणि बर्फाआधी फुलं येतील ना?

प्रतिसाद १:
रात्रीचा पारा शून्याखाली जायचा थांबतो, त्याच्या ६ ते ८ आठवडे आधी पेरा. मिश्रण: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तीन भाग, परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) एक भाग. बी वर भुरभुरून हलकं दाबा. उगवायला उजेड लागतो, म्हणून झाकलंच तर जेमतेम २ मिमी. १८ ते २१ अंशांना साधारण दोन आठवड्यांत कोंब दिसतात.

आडवी पडणं म्हणजे मर, बुरशीने होणारा रोग. नीट बघा: देठ मातीशी पाणचट आणि दोऱ्यासारखा बारीक झालेला असतो, वरची पानं मात्र हिरवीच. बुरशीला सतत ओलं मिश्रण, दाट पेरणी आणि कोंडलेली हवा मानवते. कोंब दिसताच ट्रेवरचं झाकण काढा, पाणी खालून द्या आणि अर्ध्या तासात उरलेलं ओतून टाका. पडलेली रोपं वाचत नाहीत. भोवतालच्या मिश्रणासकट काढा. ते मिश्रण पुन्हा वापरू नका.

प्रतिसाद २:
कळ्या धरतात त्या रात्र लांबायला लागल्यावर. त्यामुळे बी घेतानाच लवकर फुलणारा प्रकार निवडा, थंड भागात हे सगळ्यात महत्त्वाचं. रोप १५ सेंमीचं झालं की शेंडा नखाने खुडा, फुटवे तेवढे वाढले की पुन्हा एकदा. उत्तर गोलार्धात जुलैच्या सुरुवातीनंतर हात लावू नका. कळ्या मागे पडतात आणि गारठ्यात करपतात. रात्रभर दिव्याचा उजेड पडतो तिथेही लावू नका.

प्रश्नकर्ता:
बाहेर एकदम लावली तर चालतील? आणि पुढच्या वर्षी तीच झाडं येतील?

प्रतिसाद ३:
एकदम नको, पानं भाजतात. आठ-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवा, मग ४५ सेंमी अंतराने लावा. हिवाळ्यात निव्वळ थंडीपेक्षा साचलेलं पाणी जास्त झाडं मारतं. शिवाय माती गोठते-वितळते तशी वरवरची मुळं उचकटून वर येतात. म्हणून उंच वाफा करा, वाळलेल्या काड्या वसंतापर्यंत कापू नका आणि पाचोळ्याचा १० सेंमी थर जमीन गोठल्यावरच घाला. आधी घातला तर बुंधा कुजतो.

बियांची रोपं मूळ झाडासारखी निघतीलच असं नाही, एकाच पाकिटातून वेगवेगळे रंग येतात. मनासारखं निघालेलं झाड खुणेची काडी लावून ठेवा आणि वसंतात त्याच्या बुडाचे फुटवे मुळांसकट वेगळे करा.