थप्पड : अमृताने पोटगी नको म्हटलं ते मला पटलं नाही

सुरंगी: पिक्चर फेब्रुवारी 2020 चा आहे त्यामुळे शेवट फोडला म्हणून कोणी ओरडू नका. नवऱ्याच्या एका थपडेवरून अमृताने घटस्फोट घ्यावा का ह्यावर तेव्हाच सगळे भांडून झालेत, मला तो वाद नकोच आहे, तिने सोडलं ते बरोबरच. माझं डोकं फिरतं ते पैशावर. बाई नाच सोडून घरी बसते, सकाळी उठून कुंडीतला गवती चहा कापते, सासूची शुगर तपासते, नवरा गाडीत बसेपर्यंत त्याच्या मागे खायला घेऊन धावते, आणि घटस्फोटाच्या वेळी म्हणते मला काही नको! आणि आपण टाळ्या वाजवायच्या. अनुभव सिन्हांसोबत हे लिहिलंय मृण्मयी लागूने, म्हणजे रीमाताईंच्या मुलीने, तिने घरातली ती रोजची कामं इतकी बारीक टिपलीत आणि मग शेवटी त्याच कामांची किंमत शून्य? नवऱ्याचं, विक्रमचं, करिअर एकट्याच्या जिवावर झालं का?

खडूस_काका: तिने पैसे मागितले असते ना तर थेटरातली निम्मी पब्लिक म्हणाली असती की बघा, ह्यासाठीच चाललं होतं सगळं. नको म्हटल्यामुळे मुद्दा थपडेवरच राहिला, लेखकाला अक्कल आहे.

सुरंगी: काका म्हणजे पब्लिकला बरं वाटावं म्हणून बाईने रिकाम्या हाताने बाहेर पडायचं, असंच ना?

जोडजमाखर्च: मी पुरुष आहे, शिव्या पडणार माहितीये तरी लिहितो. शिकलेली, धडधाकट, पाठीशी भक्कम बाप. कशाला पोटगी? मुलाचा खर्च बापाने द्यायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही, पण बायकोला आयुष्यभर कशासाठी? समानता पाहिजे तर पूर्ण घ्या.

काळाकोट: दादा, कायदा "आयुष्यभर द्याच" असं म्हणत नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम 24 केस चालू असतानाच्या खर्चाचं, 25 कायमच्या पोटगीचं, आणि दोन्हीत कोर्ट दोघांचं उत्पन्न बघतं. नोव्हेंबर 2020 मध्ये रजनीश विरुद्ध नेहा मध्ये सुप्रीम कोर्टाने तर सांगितलंच की दोघांनी मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि बायकोने घरासाठी नोकरी सोडली असेल तर तेही धरायचं. तुमची अमृता त्यात अगदी फिट बसते. पण सुरंगीताई, दुसरी बाजू पण बघा. पिक्चरमध्ये नवऱ्याचा वकील आधी नांदायला यायची नोटीस पाठवतो, कलम 9 वाली. तिथून पुढे भांडत बसलात की वर्षं जातात. पैशावरचा हक्क सोडला की 13 ब खाली संमतीने प्रकरण पटकन मिटतं, म्हणून बऱ्याच बायका सोडतात. स्वाभिमान बिमान ठीक आहे, मुळात कंटाळा येतो हो.

सुरंगी: बरोबर, मग तो कंटाळा दाखवायचा होता. तिथे तर सगळं कसं शांत आणि उदात्त!

मांडवीकाठ: आमच्या गोव्यात हा प्रश्न असा येतच नाही. पोर्तुगीज काळापासूनचा कायदा आहे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक, वेगळं झालं की अर्धी अर्धी. बायकोला मागावं लागत नाही, ते तिचंच असतं. अमृता पणजीला राहत असती तर "नको" म्हणताना स्वतःचंच सोडत असती, मग बघू किती टाळ्या पडल्या असत्या.

जोडजमाखर्च: मग कर्ज पण अर्धं ना?

मांडवीकाठ: असतं की, संसाराची कर्जंही दोघांचीच. चालेल?

जोडजमाखर्च: ह्याला मी तयार आहे. हे पोटगीपेक्षा बरंय.

शेवंता_नाही: सगळे अमृतावरच अडकलात. कामवाली सुनीता रोज मार खाते, तिचा नवरा काय पोटगी देणार? तिला भीती ही की घराबाहेर काढलं तर जायचं कुठे. शेवटी ती उलटा हात उचलते तेव्हा मला जास्त बरं वाटलं, खरं सांगते. अमृताला नको म्हणणं परवडतं कारण बाबांचं घर आहे, कुमुद मिश्रासारखे बाबा किती जणींना मिळतात?

खडूस_काका: त्याच बाबांच्या बायकोने गाणं सोडलेलं, आणि त्यांना वाटत होतं आपण कुठे अडवलं. रत्ना पाठक त्या सीनला काय बसल्यात! त्या बाईंनी कोणाकडे मागायची पोटगी, सांगा सुरंगीताई.

सुरंगी: काका तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय.

खडूस_काका: अजिबात नाही. मी पिक्चरच्या बाजूने बोलतोय.