लाइव्ह लूपिंग: एडिटिंग फंक्शन्सना नावं काय द्यावीत आणि ती वागावीत कशी?

तुकडेजोड (प्रश्न)

लाइव्ह लूपिंगसाठी (वाजवलेला तुकडा तिथल्या तिथे रेकॉर्ड करून फेऱ्यांमध्ये वाजवत ठेवणं) सॉफ्टवेअर लिहितोय. रेकॉर्ड, ओव्हरडब, अनडू चालतंय. आता लूप वाजत असतानाच त्यात फेरफार करायची फंक्शन्स घालायची आहेत. सध्या ठरवलेली नावं: कट, पेस्ट, डिलीट, एक्स्टेंड. पायाशी चार फुटस्विच, सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापं, म्हणजे सॅम्पल्स), बफर (एका वेळी हाताळला जाणारा तुकडा) १२८ सॅम्पल्सचा.

अडलंय ते असं. डिलीट म्हटल्यावर फक्त आवाज पुसायचा की तेवढा वेळच काढून टाकायचा? एक्स्टेंड दुसऱ्यांदा दाबलं की लूप तिथेच संपवायचा की फेरी पूर्ण होऊ द्यायची? एडिटच्या कडेला ‘टक्’ असा आवाज येतो. आणि अनडू केलं की लांबी पूर्ववत होते, पण बाकीच्या ट्रॅकशी ताल सुटतो.

फेरीवाला_४८के

कट-पेस्ट ही नावं आधी काढून टाका. ती पडद्यावर वेव्हफॉर्म निवडून काम करणाऱ्यांची आहेत. लाइव्हमध्ये निवडायला काहीच नसतं. हातात फक्त वाजत पुढे जाणारा लूप आणि पायाचे दोन ठोके: सुरू आणि बंद. म्हणून नाव ठरवण्याआधी प्रत्येक फंक्शनला चार प्रश्न विचारा: त्या दोन ठोक्यांमध्ये जुना लूप ऐकू येतो का? पुढच्या फेरीत तो उरतो का? इनपुट लिहिलं जातं का? लांबी बदलते का? ज्या दोन फंक्शन्सची चारही उत्तरं सारखी येतील ती दोन नाहीतच, एकच आहे.

नवी नावं शोधण्यात फारसा अर्थ नाही. १९९० च्या दशकातल्या एकोप्लेक्स डिजिटल प्रो या लूपिंगच्या यंत्रापासून एक शब्दसंग्रह रुळला आहे, आणि सूपरलूपरसारख्या सॉफ्टवेअरनेही बराचसा तोच घेतला. ओव्हरडब: जुनं ऐकू येतं, उरतं, वर नवं चढतं. रिप्लेस: जुनं गप्प होतं आणि त्या जागी नवं बसतं. सब्स्टिट्यूट: वाजवताना जुनं ऐकू येत राहतं, पण पुढच्या फेरीला त्या जागी फक्त नवं असतं. बरेच जण रिप्लेस एवढंच ठेवतात. मला सब्स्टिट्यूट जास्त उपयोगी वाटतं, कारण जुन्या ओळीचा आधार धरून तिचीच जागा घेता येते. तालावर राहणंही सोपं जातं.

लांबी बदलणारी दोन. मल्टिप्लाय: मूळ फेरी पुन्हा पुन्हा वाजते, वर ओव्हरडब होत राहतो आणि सगळं मिळून लांब लूप बनतो. इन्सर्ट: लूप थांबवून मध्ये नवा वेळ घातला जातो. तुमचं एक्स्टेंड यातलं नेमकं कुठलं, ते नावावरून कळत नाही, म्हणून ते नको.

डिलीटची दोन करा. आवाज पुसून लांबी तशीच ठेवणारं ‘इरेज’, आणि वेळच काढणारं ‘ट्रिम’. ट्रिम चुकून दाबलं गेलं तर सगळा ताल जातो, त्यामुळे ही दोन एकाच स्विचवर शॉर्ट-लाँग करून ठेवू नका.

फेरी पूर्ण करायची का? मूळ वागणूक ‘पूर्ण करायची’ हीच ठेवा. लूप ४ सेकंदांचा असेल, मल्टिप्लाय लूपच्या सुरुवातीला चालू झालं आणि दुसरा ठोका ९.५ सेकंदांना पडला, तर ते १२ सेकंदांपर्यंत चालू द्या. तीन फेऱ्या झाल्या. तिथल्या तिथे कापायचं असेल तर वेगळा शेवट हवा. एकोप्लेक्समध्ये मल्टिप्लाय चालू असताना रेकॉर्ड दाबलं की लगेच कापलं जातं आणि नवी लांबी हीच मूळ फेरी ठरते. हा मार्ग चांगला आहे, पाचवा स्विच लागत नाही.

कोडमध्ये प्रत्येकाचं वेगळं फंक्शन लिहीत बसू नका. सॅम्पलमागे सूत्र एकच: नवं = जुनं × फीडबॅक (जुन्यातलं किती उरतं) + इनपुट × इनपुट-पातळी. शिवाय लूपची ऐकू येणारी पातळी वेगळी. ओव्हरडबला फीडबॅक १, इनपुट १, ऐकू येणं १. सब्स्टिट्यूटला ०, १, १. रिप्लेसला ०, १, ०. इरेजला तिन्ही ०. फीडबॅक ०.९५ ठेवला तर साधारण १४ फेऱ्यांत जुना थर ६ डेसिबलने उतरतो; हळूहळू विरत जाणारा लूप फुकटात मिळतो.

शून्यछेद

‘टक्’चं कारण सरळ आहे: कडेला वेव्ह एका पातळीवरून दुसरीवर उडी मारते. ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज उतरवत दुसरा चढवणं) द्या, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला २४० ते ४८० सॅम्पल्स. रिप्लेस-सब्स्टिट्यूटमध्ये जुनं आणि नवं एकमेकांशी संबंधित नसतं, तिथे इक्वल-पॉवर वक्र (दोन्हींची मिळून ऊर्जा सारखी राहते). दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखंच असेल (म्हणजे अनडू करताना) तर लिनिअर (सरळ रेषेत), नाहीतर मध्यावर ३ डेसिबलपर्यंत फुगवटा येतो.

लूपच्या सांध्याला मात्र थोडी युक्ती लागते. सुरुवातीला १० मिलिसेकंदांचा फेड-इन दिलात तर पहिल्या सुराचा ठसका बोथट होतो. त्यापेक्षा इनपुट एका रिंग बफरमध्ये (भरला की सर्वांत जुन्यावर नवं लिहिणारा साठा) सतत साठवत राहा. रेकॉर्ड दाबण्याआधीचे ४८० सॅम्पल्स त्यात असतातच. लूपचे शेवटचे ४८० सॅम्पल्स फेड-आउट करून त्यांच्यावर हे आधीचे ४८० फेड-इन करा. मग लूप जिथून सुरू होतो तिथे काहीही बदलत नाही आणि सांधाही अखंड राहतो.

लेटन्सी (आवाज यंत्रातून जायला लागणारा उशीर) विसरू नका. वादक जे ऐकतो त्याबरोबर वाजवतो, म्हणजे त्याचा आवाज तुमच्यापर्यंत जाण्या-येण्याच्या लेटन्सीइतका उशिरा येतो. १२८ चा बफर दोन्ही बाजूंना धरला तरी ५.३ मिलिसेकंद, वर कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर. आकडा अंदाजाने घेऊ नका: आउटपुटची केबल इनपुटला लावा, एक क्लिक पाठवा, सॅम्पल्स मोजा. लिहिण्याची जागा तेवढी मागे ठेवा आणि स्विच सोडल्यावरही तेवढा वेळ लिहीत राहा, नाहीतर शेवटचा सूर कापला जातो. लूप अर्ध्या वेगाने चालत असेल तर ही भरपाई लूपच्या सॅम्पल्समध्ये निम्मी होते, उलटा चालत असेल तर दिशा बदलते.

तुकडेजोड

सूत्राची कल्पना पटली, चारही फंक्शन्स एकाच जागी आली. अनडूचं काय? सध्या प्रत्येक ओव्हरडबच्या सुरुवातीला अख्खा लूप कॉपी करतोय आणि ३० सेकंदांच्या लूपला आवाज तुटतो.

थरावर_थर

तुटणारच. स्टिरिओ, ३२ बिट फ्लोट म्हणजे सेकंदाला ३,८४,००० बाइट्स. ३० सेकंदांचे ११.५ मेगाबाइट. १२८ सॅम्पल्सच्या कॉलबॅकला (दर बफरसाठी बोलावलं जाणारं ऑडिओ फंक्शन) २.६७ मिलिसेकंद मिळतात, त्यात एवढी कॉपी करायला गेलात तर मुदत हुकते. लूपचे ४०९६ सॅम्पल्सचे ठोकळे करा आणि ज्या ठोकळ्यात लिहिलं जातंय तेवढ्याचीच प्रत काढा. बाकीचे ठोकळे जुना आणि नवा थर दोघेही वापरतील. रिकामे ठोकळे आधीच राखून ठेवा. ऑडिओ थ्रेडमध्ये (आवाज हाताळणारा प्रोग्रामचा धागा) मेमरी मागायची नाही, लॉकसाठी थांबायचंही नाही.

अनडूची एक पायरी म्हणजे काय, हेही ठरवून टाका. ओव्हरडब आठ फेऱ्या चालू ठेवला आणि एका अनडूने आठही गेल्या तर वादक चिडणार. दर फेरीच्या सुरुवातीला नवा थर धरा.

ताल सुटतो तो बहुतेक अनडूनंतर प्लेहेड (लूपमध्ये सध्या वाजणारी जागा) शून्यावर नेत असल्यामुळे. पहिल्या रेकॉर्डिंगपासून चालणारा, कधीच न थांबणारा एक सॅम्पल-काउंटर ठेवा. अनडू झालं की जागा = काउंटरला पूर्वीच्या लांबीने भागून उरलेली बाकी. १२ सेकंदांच्या लूपमध्ये ९ व्या सेकंदाला मल्टिप्लाय रद्द केलं आणि लांबी ४ झाली, तर लूप १ ल्या सेकंदावरून वाजायला हवा. ट्रिम किंवा अपूर्ण इन्सर्ट रद्द करतानाही हेच चालतं. एडिट झालंच नसतं तर लूप जिथे असता तिथे तो येतो.

दुसरी गोष्ट: ट्रॅकची लांबी दर वेळी टेम्पोवरून नव्याने काढू नका. १३० बीपीएमला (मिनिटाला १३० मात्रा) चार मात्रांचा एक बार ८८,६१५.३८ सॅम्पल्सचा येतो. एक बार ८८,६१५ धरला आणि चार बार वेगळे काढून ३,५४,४६२ केले, तर चार बारांमागे २ सॅम्पल्सचा फरक पडतो. शंभर आवर्तनांनंतर तो ४ मिलिसेकंदांच्या वर जातो. पहिल्या फेरीचे सॅम्पल्स हाच पाया, बाकी सगळं त्याच्या पूर्ण पटीत.

फेरीवाला_४८के

स्विचबद्दल राहिलं होतं. क्रिया दाबल्यावर व्हावी, सोडल्यावर नव्हे. डबल-टॅप मुळीच नको, कारण दुसऱ्या ठोक्याची वाट पाहण्यात पहिला उशिरा लागू होतो. लाँग-प्रेस हवा असेल तर फंक्शन दाबताक्षणी सुरू करा. ५०० मिलिसेकंदांनंतरही पाय स्विचवरच असेल तर सोडणं हाच शेवट धरा, त्याआधी उचलला तर दुसऱ्या ठोक्याची वाट पाहा. डिबाउन्ससाठी (दाबताना स्विच थरथरून येणारे खोटे ठोके गाळणं) पहिली कड, म्हणजे संपर्काचा पहिला बदल, लगेच स्वीकारायची आणि पुढचे २० मिलिसेकंद काही ऐकायचं नाही. पुष्कळ जण २० मिलिसेकंद थांबून मग स्वीकारतात आणि लेटन्सीचा दोष ऑडिओ ड्रायव्हरला देतात.