मदत हवी: खानापूरहून सांबरा विमानतळ, आईला बसनेच जायचंय

खानापूरचा_पुण्यात:
नमस्कार मंडळी. आई डिसेंबरमध्ये एकटी बेंगळुरूला ताईकडे चालली आहे. सांबऱ्याहून दुपारचं विमान आहे. मी पुण्यात, रजा मिळत नाही. गाडी ठरवून देतो म्हटलं तर "बस फुकट असताना गाडीवाल्याला पैसे कशाला?" शक्ती योजना (कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट) आल्यापासून आमच्या घरात हा वाद कायमचा आहे.

खानापूर ते बेळगावचा मध्यवर्ती स्टँड ही तिची पायाखालची वाट. पुढे शेजारच्या सीबीटीवरून (सिटी बस स्टँड) सांबऱ्याची सिटी बस मिळते, पण ती टर्मिनलच्या कितपत जवळ सोडते? आईचा गुडघा दुखतो. सोबत चाकाची बॅग आणि एक पिशवी (पिशवी बॅगेपेक्षा जड असणार, हे सांगायला नकोच). बसचे बोर्ड कन्नडमध्ये, ते तिला वाचता येत नाहीत. परतीचं विमान संध्याकाळी उतरतं, तेव्हा काय करावं? आणि ताई इलेक्ट्रॉनिक सिटीत राहते, तिकडं टॅक्सीशिवाय जाता येतं का?

रेल्वेने जा म्हणू नका, रात्रीच्या गाडीला ती आता तयार नाही.

मुतगेकर:
आमच्या गावावरूनच जाते बस. शहरापासून सांबरा दहा-बारा किलोमीटर, बागलकोट रोडला. सीबीटीवर बोर्ड शोधत बसायचं कारण नाही, चौकशी खिडकीवर मराठीत विचारलं तरी सांगतात. चढतानाच कंडक्टरला "एअरपोर्टच्या गेटला उतरायचं" म्हणून सांगून ठेवा. नुसतं सांबरा म्हटलं तर थेट गावात उतरवतील. एअरफोर्स म्हटलं तर हवाई दलाच्या ट्रेनिंग स्कूलकडं, मग बसा पायपीट करत.

खरी अडचण तिथनं पुढं आहे. बस टर्मिनलच्या दारात जात नाही. रस्त्यावर उतरून सामान ओढत आत जावं लागतंय. धडधाकट माणसाला काही नाही, पण दुपारचं ऊन आणि काकूंचा गुडघा बघता मी सीबीटीवरूनच रिक्षा करून देईन. भाडं बसायच्या आधी ठरवायचं. खानापूर-बेळगाव फुकट झालंच की, तेवढ्यावर समजूत घाला. बेळगावच्या पत्त्याचं आधार हातात असू दे, शून्य तिकिटाला लागतंय आणि विमानतळावरही.

टिळकवाडी_वैनी:
डिसेंबर म्हणताय तर तारीख नीट बघा. सुवर्ण विधानसौधात (बेळगावातली विधानसभेची इमारत) अधिवेशन असलं की हलग्याकडचा हायवे, गांधीनगर, सगळीकडं पोलीस आणि खोळंबा. त्यात मेळावा, आंदोलन असलं तर विचारूच नका. खानापूरहून दोन बस आधीची धरायला सांगा. चेक-इन काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, तिथं गयावया चालत नाही.

व्हीलचेअर आत्ताच विमान कंपनीला फोन करून नोंदवून ठेवा. तिला लाज वाटेल, तरी घ्यायला लावा. ढकलणारा माणूस थेट सिक्युरिटीतून पार करून गेटपर्यंत नेतो, एकट्या बाईला तोच मोठा आधार. त्या जड पिशवीतलं लोणचं मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या सामानात सोडत नाहीत. खोबऱ्याच्या वाट्या तर घरीच ठेवू द्या. कुंदा खुशाल न्या.

बेंगळुरूत_बेळगावकर:
इलेक्ट्रॉनिक सिटीला वायुवज्र या विमानतळ बससेवेची केआयए-८ बस आहे, विमानतळाच्या बाहेरच मिळते. सामान ठेवायला जागा, बसायला सीट. मात्र ही एसी बस, इथं शक्ती चालत नाही. काकूंना आधीच सांगा, नाहीतर कंडक्टरशी भांडतील. विमानतळ देवनहळ्ळीला, म्हणजे शहराच्या उत्तर टोकाला, आणि इलेक्ट्रॉनिक सिटी दक्षिण टोकाला. दोन तास तरी धराच, सिल्क बोर्ड चौकात अडकलं तर जास्त. ताईंनी विमानतळावर यायची गरज नाही, स्टॉपवर थांबल्या तरी पुरे.

खानापूरचा_पुण्यात:
सगळ्यांचे आभार. वैनी, व्हीलचेअर नोंदवली. आईला अजून सांगितलेलं नाही. रिक्षाला ती "बघू" म्हणाली आहे, आमच्याकडे हा होकारच असतो. केआयए-८ चं ताईला कळवलं.

परतीचं मात्र सुटलेलं नाही. अंधार पडल्यावर तिला सांबऱ्याच्या रस्त्यावर बसची वाट बघत उभं करायचं नाही. तिथून स्टँडवर येऊन खानापूरची बस धरायची, की सरळ घरापर्यंत गाडी ठरवायची? खानापूर-नंदगड भागातला विश्वासू गाडीवाला कुणाच्या ओळखीत असेल तर खासगी निरोप टाका.