क्रोमला पॉलिश पेपर नको

जुन्या दुचाकीच्या मडगार्डवरच्या क्रोमला (चकचकीत धातूच्या मुलाम्याला) आलेले गंजाचे ठिपके पॉलिश पेपरने घासा, असा सल्ला दिला जातो. कृपया तसं करू नका. क्रोमचा थर बहुतेक वेळा १ मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) पातळ असतो. एकदा तो घासला गेला की खालचं निकेल उघडं पडतं आणि गेलेली चमक परत येत नाही. त्याऐवजी ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत. घासताना करडा राप सुटतो, तो लगेच पुसा. ठिपक्यांच्या जागी बारीक खड्डे दिसतील, ते मात्र भरून येणार नाहीत. शेवटी कोरडं करून वॅक्स लावा.

पेट्रोलच्या टाकीचा फिका रंग चमकवायचा असेल, तर आधी कोपऱ्यात थोडं कंपाउंड (रंग घासून चमकवायची पेस्ट) लावून बघा. फडक्यावर रंग उतरला तर वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही, म्हणजे घासाल तेवढा मूळ रंगच जाणार. माझ्या जुन्या गाडीच्या टाकीची कड मी अशीच घासत बसलो आणि खालचा प्रायमर दिसायला लागला! कडांवर रंग पातळच असतो, तिथे आधी मास्किंग टेप लावा. मूळ रंग जपण्यासारखा असतो हो, थोडा फिका असला तरी.