मुलाच्या पातळीप्रमाणे प्रश्न बदलणारे सॉफ्टवेअर दोन शिक्षकी मराठी शाळेत उपयोगी पडेल का?

प्रश्न : शिक्षिका, खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील एका सरकारी मराठी शाळेत शिकवते. आम्ही दोघेच शिक्षक आहोत आणि पहिली ते सातवीची सर्व मुले आमच्याकडे आहेत, त्यामुळे पाचवी, सहावी आणि सातवी एकाच खोलीत बसतात. गोव्यात आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेला बारा टॅब देऊ केले आहेत. त्यांवर गणिताचे असे सॉफ्टवेअर असेल की मुलाने दिलेल्या उत्तराप्रमाणे पुढचा प्रश्न आपोआप सोपा किंवा अवघड होईल. एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) येत्या बैठकीत मला यावर मत द्यायचे आहे.

माझी शंका एका उदाहरणाने सांगते. मागच्या चाचणीत ४०३ मधून १६८ वजा करायचे होते. सहावीतल्या दोन मुलींची उत्तरे चुकली. एकीने ३६५ लिहिले, कारण तिने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता. दुसरीने ३३५ लिहिले. तिने हातचा घेताना शून्याचे नऊ केले, पण शतकाच्या घरातला एक कमी करायचा राहून गेला. पहिलीला हातचा का घ्यावा लागतो इथपासून शिकवायला हवे, तर दुसरीला मध्ये शून्य असलेली मोजकी उदाहरणे समोर बसवून करून घेतली तरी पुरेसे आहे. वह्या तपासताना हा फरक मला दिसतो, परंतु तीन इयत्ता सांभाळताना प्रत्येकीजवळ बसणे होत नाही. हा फरक यंत्राला कळतो का?

शिवाय आमच्या काही मुलांच्या घरी कन्नड, तर काहींच्या घरी कोंकणी बोलली जाते, आणि शाब्दिक उदाहरण आले की ही मुले अडखळतात. आमची पाठ्यपुस्तके कर्नाटक सरकारची आहेत. सॉफ्टवेअर मात्र महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमावर बेतलेले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : सॉफ्टवेअर अभियंता, मूळचा वडगाव, बेळगाव

बाई, नमस्कार. मी काही वर्षे अशाच प्रकारच्या शैक्षणिक सॉफ्टवेअरवर काम केले आहे, म्हणून आतली रचना थोडक्यात मांडतो.

या सॉफ्टवेअरमध्ये मुलाला एखादे कौशल्य आले असण्याची शक्यता प्रत्येक उत्तरानंतर नव्याने मोजली जाते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील कॉर्बेट आणि अँडरसन यांनी १९९०च्या दशकात मांडलेली पद्धत आजही अनेक ठिकाणी वापरली जाते. मुलाला ती गोष्ट आधीपासून येत होती का, सराव करताना ती येऊ लागली का, येत नसताना उत्तर अंदाजाने बरोबर आले का, आणि येत असूनही हातून चूक झाली का, या चार शक्यता तीत धरलेल्या असतात. चार पर्यायांच्या प्रश्नात नुसत्या अंदाजाने बरोबर उत्तर येण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून एका बरोबर उत्तरावरून चांगले सॉफ्टवेअर कोणताही निष्कर्ष काढत नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. या मोजणीला फक्त बरोबर आणि चूक एवढेच कळत असेल, तर ३६५ आणि ३३५ तिच्या दृष्टीने सारखेच. दोघींपुढेही तेच सोपे उदाहरण येईल. चुकीचा प्रकार ओळखायचा असेल, तर कोणत्या चुकीमुळे कोणते उत्तर येते हे प्रश्न तयार करणाऱ्याने आधीच भरून ठेवावे लागते. हे काम वेळखाऊ आहे, त्यासाठी अनुभवी शिक्षक लागतात, आणि म्हणूनच बरीच उत्पादने ते टाळतात. जाहिरातीत मात्र दोन्ही प्रकारांचे वर्णन सारख्याच शब्दांत केलेले असते.

म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की पैसे देण्यापूर्वी चाचणीसाठी एक टॅब मागवून घ्या. दोन वेगळ्या खात्यांत तुम्ही स्वतः हे गणित सोडवा, एकदा ३६५ लिहा आणि एकदा ३३५ लिहा, आणि पुढे काय येते ते पाहा. दोन्हीकडे पुढचा पाठ वेगळा आला, तर ते घेण्यासारखे आहे. उत्तर लिहिण्याची सोयच नसेल, केवळ पर्याय निवडायचे असतील, तर निदान त्या पर्यायांत ही दोन उत्तरे आहेत का ते पाहा.

एक सूचना राहिली. एका टॅबवर दोन मुले एकाच खात्यातून बसली, तर यंत्र त्या दोघांना मिळून एक मूल समजते आणि सगळी मोजणी बिघडते. प्रत्येक मुलाचे खाते वेगळे ठेवा.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, निपाणी

वरील माहिती मोलाची आहे. मला तीत शिक्षकाच्या बाजूने भर घालावीशी वाटते.

प्रत्येक मुलाने आपापल्या गतीने पुढे जावे ही कल्पना आपल्या राज्याला नवी नाही. म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ मध्ये नली-कली ही कार्डांवर आधारलेली शिक्षणपद्धती सुरू झाली, तिच्यामागे आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली या संस्थेच्या ग्रामीण शाळांचा अनुभव होता. मूल शिडीवरची आपली पायरी स्वतः शोधते, त्या पायरीचे कार्ड घेते आणि ते पूर्ण झाल्यावर पुढे जाते. शेजारचे मूल दोन पायऱ्या वर असले तरी बिघडत नाही. लहान वर्गांत ज्यांनी हे मनापासून केले, त्यांना टॅबवरचे सॉफ्टवेअर समजायला वेळ लागणार नाही. ज्या शाळेत कार्डे कपाटातच राहिली, तिथे टॅबही कपाटात राहतील, हे मी अत्यंत कळकळीने लिहितो.

भाषेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलाने मराठीतले शाब्दिक उदाहरण चुकवले, तर यंत्र अपूर्णांक कच्चे असल्याची नोंद करील आणि त्याला मागच्या इयत्तेच्या अपूर्णांकांत अडकवून ठेवील, प्रत्यक्षात मात्र त्या मुलाला अपूर्णांक चांगले येत असतील. सीमाभागात असे मूल जवळजवळ प्रत्येक वर्गात भेटते. उपाय साधा आहे: तेच उदाहरण नुसत्या अंकांत फळ्यावर द्यावे. अंकांत बरोबर आणि शब्दांत चूक आले, तर त्या मुलाला वाचनाची मदत हवी आहे, आणि ती बाईंनीच द्यायची आहे. सॉफ्टवेअरमध्ये प्रश्न ऐकण्याची सोय असेल तर तीही वापरावी.

अभ्यासक्रमाची फार चिंता करू नका. हातच्याची वजाबाकी बेळगावात आणि कोल्हापुरात एकच आहे. फरक पडतो तो कोणता घटक कोणत्या इयत्तेत येतो याचा. इयत्तेऐवजी घटक निवडता येतो का, एवढे विचारून घ्या.

उत्तर : शिक्षणशास्त्राचा विद्यार्थी, बेळगाव

या विषयावर भारतातच चांगले संशोधन झाले आहे, त्यातील दोन अभ्यास तुमच्या शाळेला थेट लागू पडतात.

दिल्लीत माइंडस्पार्क या सॉफ्टवेअरच्या केंद्रांचा अभ्यास मुरलीधरन, सिंग आणि गनिमियन यांनी केला व तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार महिन्यांत केंद्रात जाणाऱ्या मुलांची गणितातील प्रगती इतरांपेक्षा प्रमाण विचलनाच्या (मुलांचे गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत हे सांगणाऱ्या मापाच्या) ०.३७ पट आणि हिंदीतील ०.२३ पट अधिक झाली. मात्र तिथे रोजच्या ९० मिनिटांपैकी ४५ मिनिटेच मुले संगणकासमोर असत. उरलेला वेळ एक सहायक त्यांना लहान गटात शिकवत असे. त्यामुळे हे यश एकट्या यंत्राचे आहे असे म्हणता येणार नाही. पालकांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे: शाळेच्या स्वतःच्या परीक्षेत गणिताच्या गुणांत लक्षणीय वाढ दिसली नाही. मुले आपल्या इयत्तेच्या पुष्कळ मागे होती, ती मागचे भरून काढत होती, आणि शाळेचा पेपर चालू इयत्तेचा होता. बैठकीत हे आधीच स्पष्ट करा. नाहीतर सहामाहीचे गुण पाहून लोक टॅब बंद करा म्हणतील, आणि नेमके तेव्हाच मुलांचे पाय जमिनीला लागत असतील.

दुसरा अभ्यास वडोदऱ्यातील आहे. बॅनर्जी, कोल, डुफ्लो आणि लिंडेन यांचा हा शोधनिबंध २००७ मध्ये आला. तिथे चौथीची मुले आठवड्यातून दोन तास गणिताचे खेळ खेळत, आणि एका संगणकावर दोन मुले बसत. तरीही गणितात भरीव वाढ झाली. तेव्हा स्वतंत्र खाती शक्य नसतील तर दोघांना एकत्र बसवूच नये असे मी म्हणणार नाही, फक्त सारख्या पातळीची जोडी लावावी. कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभरात यातील बराचसा लाभ ओसरला, हेही त्याच निबंधात नोंदलेले आहे. म्हणून दोन महिने जोरात आणि नंतर काहीच नाही असे वेळापत्रक आखू नका.

बारा टॅब तिन्ही इयत्तांना एकाच वेळी पुरणार नाहीत, आणि ते तुमच्या पथ्यावर पडेल. एक गट टॅबवर असताना तुम्ही दुसऱ्या गटाजवळ बसू शकाल. तुम्हाला आज जो वेळ मिळत नाही, तो इथून मिळेल.

उत्तर : पालक, येळ्ळूर

मुलांच्या चुकांची सगळी नोंद कंपनीकडे जमा होणार आहे, याकडेही लक्ष असावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. खात्यात मुलाचे पूर्ण नाव न घालता हजेरीचा क्रमांक घातला तरी काम चालते. तुमच्या भागात पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही जाते, तेव्हा इंटरनेटशिवाय सॉफ्टवेअर चालते का आणि रेंज आल्यावर नोंदी आपोआप जुळतात का, हे लेखी विचारून घ्या.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, मनापासून आभार. माजी विद्यार्थ्यांना मी आजच कळवते की बाराही टॅब एकदम घेऊ नयेत, आधी एकच पाठवावा. त्यावर ४०३ वजा १६८ हे उदाहरण दोन्ही चुकीच्या उत्तरांनी करून पाहीन. तोवर पाचवी ते सातवीच्या प्रत्येक मुलाला एक शाब्दिक उदाहरण आणि तेच अंकांत असे देऊन कोण कुठे अडते याची वही तयार करते, म्हणजे सॉफ्टवेअरने ठरवलेली पातळी त्या वहीशी ताडून पाहता येईल. गुरुजी, लहान वर्गांची नली-कलीची कार्डे आमच्या कपाटात आहेत. वरच्या वर्गांसाठी वजाबाकीची आणि अपूर्णांकांची तशी शिडी आपण तयार केली असल्यास तिचा फोटो इथे टाकाल का?